बंदूक लहान हवी की सोपी?

प्रश्न : ताई, रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला, पण घ्यायचं कोणतं यावर दोन महिने नुसता काथ्याकूट चाललाय. मला छोटंसं हवंय, म्हणजे हाताळायला सोपं जाईल. माझे साडू रोज कमरेला लावून फिरणाऱ्यांपैकी. ते म्हणतात, हलक्यात हलकं घे, हॅमर (मागून काडतुसावर आदळणारा खटका) झाकलेलं घे आणि अंगावर ठेव; कपाटात ठेवायची तर घेतोस कशाला? नेमबाजीच्या क्लबातला माझा जुना मित्र नेमकं उलटं सांगतो. स्टीलचं घे, लांब नळीचं घे, क्लबात हवं तेवढं उडव आणि घरी आलास की बंदूक एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या. दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि बायकोचं दोघांशीही. ती म्हणते, घरात नकोच. का, ते नीट सांगत नाही. मी ते बाहेर नेणार नाही, पलंगाशेजारच्या कपाटातच राहील. आमच्याकडे चोरी वगैरे कधी झालेली नाही, पण रात्री-अपरात्री घरात कसला तरी आवाज येतो, उठून पाहावं तर कोणी नसतं. घरात आम्ही तिघंच. मुलगा सतरा वर्षांचा आहे, पण त्याला असल्या गोष्टींत रस नाही, हल्ली तो खोलीबाहेरही फारसा येत नाही. तर दोन इंची नळी घेऊ की तीन?
— डोकं पिकलेला

उत्तर : भाऊ, दोन की तीन एवढंच सांगायचं असतं तर 'तीन' लिहून मोकळी झाले असते. पण पत्र दोनदा वाचलं आणि एका शब्दात सुटका करून घेणं जमेना.

आधी ते 'छोटं म्हणजे सोपं'. रेंजवर नवशिक्यांना शिकवण्यात माझी वीस वर्षं गेली. टेबलावर पाच-सहा रिव्हॉल्व्हरं मांडून ठेवली की नव्या माणसाचा हात हमखास सगळ्यात लहानाकडे जातो. ते गोंडस दिसतं, मोठं आडदांड दिसतं. लहान कुत्रं कमी चावत असेल असं आपण धरून चालतो ना, तसंच हे.

प्रत्यक्षात काय होतं बघा. स्मिथ अँड वेसनचं ६४२ घ्या. अॅल्युमिनियमचा सांगाडा, पाच गोळ्या, दोन इंचांच्या आतली नळी. रिकामं असताना वजन जेमतेम सव्वाचारशे ग्रॅम. त्याचा ट्रिगर ओढायला मात्र बोटाला पाच किलोच्या आसपास जोर लावावा लागतो. म्हणजे अर्धा किलोही नसलेली वस्तू हवेत स्थिर धरायची आणि तिच्याच पोटातली पट्टी पाच किलोच्या जोराने मागे खेचायची. मूठ इतकी आखूड की करंगळी खाली लोंबत राहते. नेम धरायची नळीवरची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात बोटभर अंतर, त्यामुळे नेमात केसभर चूक झाली की कागदावर ती वीतभर होऊन दिसते. आणि मागे येणारा धक्का? जड बंदूक तो बराचसा स्वतः पचवते, हलकी तो सगळा तुमच्या तळव्यात आणून टाकते.

एका गृहस्थांची गोष्ट सांगते. सहा फुटी माणूस, मनगटं अशी की ते रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात किल्ल्यांच्या जुडग्यासारखं दिसत होतं. सहा यार्डांवरून त्यांची प्रत्येक गोळी कागदाच्या खालच्या कडेला. त्यांचं म्हणणं, माशी वाकडी बसवली आहे. मी सिलिंडरमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्यात, तीन खरी काडतुसं आणि दोन डमी भरली, त्यांना न दाखवता सिलिंडर फिरवून बंद केला आणि बंदूक हातात दिली. ठो. ठो. तिसऱ्या वेळी नुसतं 'टक्'. गोळी नाही, धक्का नाही, आणि तरी नळीचं तोंड गचकन खाली गेलं. "हे मी केलं?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं. दणका बसणार हे हाताला दोन फैरींत कळलेलं असतं, मग तिसऱ्या वेळी तो आधीच आक्रसून घेतो. मी त्यांना स्टीलचं, जवळजवळ दुप्पट वजनाचं रिव्हॉल्व्हर दिलं आणि सोबत सपाट तोंडाची मऊ वॉडकटर काडतुसं. तासाभराने 'टक्' झालं तरी माशी जागची हलली नाही. बंदुकीला नावं ठेवायचंही त्यांनी थांबवलं.

लहान रिव्हॉल्व्हर जन्माला आलं तेच मुळी वाहायला हलकं असावं म्हणून. कोल्टने १९२७ मध्ये डिटेक्टिव्ह स्पेशल काढलं ते साध्या वेशातल्या पोलिसाच्या कोटाखाली दिसू नये यासाठी. स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल १९५० चं. त्याचं नावसुद्धा पोलीसप्रमुखांच्या परिषदेत ठरलं. दोन वर्षांनी कंपनीला शंभर वर्षं झाली म्हणून सेंटेनियल आलं, तुमचे साडू सांगतात तसं, हॅमर सांगाड्याच्या आत दडवलेलं, म्हणजे खिशातून काढताना अस्तरात अडकू नये. दिवसभर अंगावर बाळगायचं आणि वेळ आली तरच, तीही हातभर अंतरावरून वापरायचं, अशा माणसांसाठी हा सगळा खटाटोप होता. उडवायला ते अवघड जाणार हे त्यांनी कबूल करूनच घेतलेलं होतं. तुम्ही तर लिहिलंय की बाहेर नेणारच नाही. मग कपाटात ठेवायच्या वस्तूसाठी खिशाची अडचण कशाला विकत घ्यायची?

तीन इंची नळीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, ती दुकानदार सहसा सांगत नाहीत. सिलिंडर उघडून रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारी जी दांडी असते, ती नळीच्या खाली मावेल एवढीच लांब ठेवता येते. दोन इंची नळीत ती इतकी तोकडी होते की पुंगळ्या अर्ध्यावर येऊन लटकतात आणि नखाने एकेक ओढून काढाव्या लागतात. तीन इंचीत त्या बहुधा एका दणक्यात खाली पडतात. रुगरच्या एसपी१०१ सारखं तीन इंची स्टीलचं रिव्हॉल्व्हर साडेसातशे ग्रॅमच्या आसपास भरतं. कमरेला जाणवेल, हाताला नाही.

काडतुसाबद्दल थोडक्यात (नावातला आकडा म्हणजे गोळीची साधारण जाडी, इंचांत). .३८ स्पेशल १८९८ पासून चालत आलंय आणि तुमच्या कामाला पुरून उरेल. .३५७ मॅग्नम १९३५ चं. त्याची पुंगळी मुद्दाम तीन-एक मिलिमीटर लांब ठेवली, म्हणजे जुन्या .३८ मध्ये ते चुकूनही बसू नये, उलट .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ खुशाल चालतं. त्यामुळे स्टीलचं .३५७ घेऊन त्यात कायम .३८ उडवणारी पुष्कळ शहाणी माणसं मला माहीत आहेत. फक्त तीनशे-साडेतीनशे ग्रॅमच्या मॅग्नमच्या वाटेला जाऊ नका. तसली रिव्हॉल्व्हरं विकायला येतात तेव्हा सोबत पन्नास काडतुसांची पेटीही फुकट मिळते, आणि पेटीत नेमकी पंचेचाळीस शिल्लक असतात. शिवाय इतक्या हलक्या सांगाड्यात धक्क्याने उरलेल्या काडतुसांचं शिसं पुढे सरकून सिलिंडर अडकू शकतो. 'रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही' असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हे बहुधा अनुभवलेलं नसतं. .३२ सौम्य आहे, हाताला त्रास होत असेल तर जरूर उडवून बघा. .२२ सरावाला उत्तम, पण त्याची काडतुसं जास्त वेळा फुसकी निघतात.

हॅमरच्या बाबतीत मात्र मी साडूंच्या बाजूची आहे, कारण माझं वेगळं. हॅमर उघडा असला की माणसाला तो अंगठ्याने मागे ओढून ठेवायचा मोह होतो. त्याने ट्रिगर हलका होतो आणि नेम सोपा. रेंजवर ठीक आहे. पण घाबरलेला माणूस, थरथरतं बोट आणि फुंकर मारली तर सुटेल असा ट्रिगर, हे मला डोळ्यांसमोरही नको. आणि काही झालं नाही, तर तो ताणलेला हॅमर भरलेल्या काडतुसावर अंगठ्याने हळूच परत टेकवायचा, तोही अंधारात. लांब, जड ट्रिगरला नावं ठेवतात, पण निर्णय बदलायला तो तेवढाच वेळ देतो.

आता साडू आणि मित्र. दोघांची भांडणं मी मनातल्या मनात ऐकू शकते, कारण रेंजच्या चहाच्या टेबलावर वर्षानुवर्षं हेच चालायचं. अंगावर बाळगणारा म्हणतो, कुलपातली बंदूक वेळेला हाती लागत नाही. खेळाडू म्हणतो, तू आयुष्यभर ज्या वेळेची वाट बघतोयस ती येणारच नाही, आणि तोवर महिन्यातून एकदाही सराव करत नाहीस. दोघंही खरं बोलतात आणि दोघंही दुसऱ्याचं ऐकत नाहीत.

पण दोघांत एक साम्य आहे आणि ते त्यांच्या कधीच लक्षात येत नाही. या क्षणी तुझी बंदूक कोणाच्या हाती लागू शकते, असं झोपेतून उठवून विचारलंत तरी दोघांकडे उत्तर तयार असतं. साडू म्हणतील, माझ्या, कारण ती माझ्या अंगावर आहे, ट्रिगर झाकणाऱ्या होल्स्टरमध्ये. अंघोळीला जाताना ते ती काढून कुठे ठेवतात हे त्यांना एकदा विचारा. उत्तर देताना अडखळले तर त्यांची पद्धत अजून कच्ची आहे. मित्र म्हणेल, कोणाच्याच नाही. या दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ती तिसरी, आणि पत्रात तुम्ही अगदी सहज लिहून गेलात ती हीच आहे. पलंगाशेजारचं कपाट. अंगावर नाही आणि धड कुलपातही नाही. साडूंची सोय आणि मित्राची सुरक्षितता दोन्ही मिळतील असं तिथे वाटतं, हाती मात्र दोन्हींतलं काहीच लागत नाही.

देशोदेशीच्या सरकारांचंही या बाबतीत एकमत नाही. ब्रिटनने १९९७ मध्ये सामान्य माणसाकडची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं जवळपास संपवलीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती घरात बाळगणं हा नागरिकाचा वैयक्तिक हक्क ठरवला. स्वित्झर्लंडने मधली वाट काढली : राखीव सैनिकाच्या घरची रायफल घरीच राहिली, पण तिच्या गोळ्या परत घ्यायचं २००७ मध्ये ठरलं. तुमचा मित्र हे ऐकून खूश होईल. तुमच्यापुरतं म्हणाल तर स्वतःच्या परवान्यावरच्या अटी शब्द न् शब्द वाचा. बाळगणं, नेणं, ठेवणं यांचे नियम वेगवेगळे असतात, आणि साडूंना जे चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही.

आता ज्या ओळीसाठी पत्र दुसऱ्यांदा वाचलं, ती. 'हल्ली तो खोलीबाहेरही फारसा येत नाही.' तुम्ही ती बंदूक सुरक्षित राहील याचा पुरावा म्हणून लिहिलीत. माझ्या छातीत धस्स झालं.

काहीच नसेल. सतरा हे दार लावून घ्यायचंच वय आहे. पण 'हल्ली' हा शब्द तुमचा आहे. आधी तो येत होता आणि आता येत नाही, हे तुम्ही पाहिलंय. तुमच्या पत्नीनेही पाहिलं असणार. ती नको म्हणते आणि कारण सांगत नाही याचं कारण कदाचित हेच, की ते तोंडाने उच्चारण्याची तिला भीती वाटते. माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

बंदूक घेणाऱ्यांना चोर दिसतो, स्वतःचं माणूस दिसत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. जीव नकोसा होण्याची ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. इतर बऱ्याच मार्गांत मन बदलायला किंवा कोणी धावून यायला थोडी तरी फट राहते, बंदुकीत ती जवळपास नसते. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एक साधा नियम केला : आठवड्याच्या सुट्टीला, म्हणजे तिथे शुक्रवार-शनिवारी, घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांनी रायफल तळावर ठेवून जायचं. त्यानंतर त्यांच्यातल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. मधल्या दिवसांचा आकडा फारसा हलला नाही. शनिवारी रायफल मिळाली नाही म्हणून त्या मुलांनी सोमवारी काही केलं नाही. ती जगली.

तुम्ही म्हणाल, मी कपाटाला कुलूप लावीन. माझ्या आईच्या कपाटाची किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे असायची. ती जागा फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असं आईला शेवटपर्यंत वाटत होतं. आम्ही चार भावंडं होतो आणि चौघांनाही ते घड्याळ स्टूल न लावता काढता यायचं. वाढदिवसाच्या तारखेचा नंबर टाकलेली तिजोरी म्हणजे तेच घड्याळ.

म्हणून माझा सल्ला असा की खरेदी थांबवा. कायमची नाही. चीफ्स स्पेशलचा घाट पंचाहत्तर वर्षं टिकलाय, आणखी सहा महिन्यांत तो कुठे जात नाही. परवान्यावर खरेदीची मुदत असेल तर वाढवून मागा. वाढवून मिळत नसेल तर बंदूक घ्या, पण ती घरी न आणता अधिकृत शस्त्रागारात किंवा क्लबाच्या तिजोरीत ठेवता येते का ते विचारा.

आणि मुलाशी बोला. 'तुझं काय चाललंय' असं दारातून विचारू नका, त्याचं उत्तर 'काही नाही' असंच येतं. त्याच्याबरोबर कुठे तरी चालत जा किंवा गाडीने जा, म्हणजे दोघांची नजर समोर राहील. या वयातली मुलं डोळ्यांत बघून बोलत नाहीत. जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ त्याच शब्दांत विचारलं तरी चालतं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उत्तर 'हो' आलं, किंवा 'नाही' आलं पण तुम्हाला ते खरं वाटलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, त्याला एकटं सोडू नका आणि रिव्हॉल्व्हरचा विषय वर्ष-दोन वर्षं बासनात बांधून ठेवा. पत्नीशीही बोला, पण तिला पटवायला जाऊ नका. ती काय बघते आहे ते ऐकायला जा.

सगळं ठीक निघालं, तिघांचंही 'हो' झालं, तर मग माझं मत घ्या : स्टीलचं, तीन इंची, .३८ किंवा .३८ उडवायचं .३५७, करंगळी बसेल एवढी रबरी मूठ. घेण्याआधी तुमच्या मित्राच्या क्लबात चार-पाच प्रकारची उडवून बघा, प्रत्येकाच्या निदान पन्नास फैरी. कानाला संरक्षण हवंच. आखूड नळीचा आवाज एका फैरीतही कान कायमचा अधू करू शकतो. आणि आधाराचा हात सिलिंडरच्या पुढे नेऊ नका, तिथल्या फटीतून तापलेला वायू चाकूसारखा निघतो. घरी ठेवायचं ते भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्क्या केलेल्या तिजोरीत, सिलिंडर उघडा ठेवून सांगाड्यातून तारेचं कुलूप ओवून. गोळ्या दुसरीकडे. होय, तुमच्या मित्रासारखंच. साडूंना वाईट वाटेल, पण त्यांच्या घरी सतरा वर्षांचं कोणी असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही.

राहिला रात्रीचा आवाज. दाराच्या कड्या तपासा, बाहेर दिवा लावा, फोन उशाशी ठेवा, हे मी कोणालाही सांगते. तुमचं घर मात्र तिघांचं आहे, चोरी कधी झालेली नाही, आणि उठून पाहावं तर बाहेर कोणी नसतं. दिवसा खोलीबाहेर न येणारी मुलं कधी बाहेर येतात ठाऊक आहे? सगळे झोपले की. पाणी पितात, फ्रिज उघडून उभी राहतात, अंधारातच इकडून तिकडे फिरतात आणि कोणाची चाहूल लागली की पाऊल न वाजवता परत आत जातात.

पुढच्या वेळी आवाज आला की दिवा लावा आणि आधी त्याला नावाने हाक मारा.